पप्पूचा गुण्या आणि माझा पितळी ब्रिज

मित्रांनो, मी एक जुनी इलेक्ट्रिक गिटार आहे. पण दुकानाच्या काचेमागे झळकणारी गिटार डोळ्यांसमोर आणाल तर फसाल. माझा जन्म शिरूरजवळच्या एका वस्तीवर, गोठ्याला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये झाला. मला घडवलं ते करवतीनं, कानशीनं आणि पप्पू नावाच्या एका हट्टी फिटरनं. माझ्या अंगावरचा तांबडा रंग शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरला लावून उरलेला आहे. आमचं मूळ असं साधं. ते लपवायची मला कधी गरज वाटली नाही.

त्याच्याही आधी मी आगगाडीचं बाकडं होते. दौंडहून मनमाडकडे जाणाऱ्या पॅसेंजरच्या एका जुन्या डब्यातली मी सागवानी फळी. कितीतरी वर्षं माणसं माझ्यावर बसली, झोपली, भांडली, दशम्या सोडून जेवली. कोण पाहिल्याबरोबर सरकून जागा देतो आणि कोण शेजारी पिशवी ठेवून झोपेचं सोंग घेतो, हे सगळं मी निमूट पाहिलं. तेव्हापासून माणसांचं जमाखर्चाचं पान मनातल्या मनात मांडायची मला खोड लागली. पुढे डबे भंगारात निघाले आणि दौंडच्या एका भंगारवाल्याच्या अंगणात मी उन्हातान्हात पडून राहिले. तिथं पप्पूनं मला बोटानं ठोकून पाहिलं, कान लावला आणि खांद्यावर टाकून एसटीच्या टपावर चढवलं. त्याच्या जमेच्या बाजूला मी पहिली नोंद तेव्हाच केली. लाकूड घेताना ठोकून बघणारा माणूस वाईट नसतो.

ही गोष्ट अठ्ठ्याण्णव सालातली. पप्पू शिक्रापूरच्या बाजूला एका कारखान्यात फिटर होता. घरी आई कुशाबाई, वडील रखमाजी आणि धाकटी बहीण रुपाली. रखमाजींची हयात मेंढरांमागं गेली. आता मेंढरं विकून ते दीड एकर कांदा करत, पण ओव्या गाण्याची सवय काही विकली गेली नव्हती. वडिलांचा गळा रुपालीच्या बोटांत उतरला होता. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात कुणाची तरी उसनी गिटार घेऊन ती वाजवायला शिकली आणि ती गिटार परत करताना रडत घरी आली. भावानं विचारलं, "का रडतीस?" ती म्हणाली, "माझी असती तर दिली नसती." एवढ्याशा वाक्यावर माझा जन्म ठरला.

पण रडणं हे एकच कारण नव्हतं. दौंडला भिमाजी मामांची बेंजो पार्टी होती. बेंजो म्हणजे बटणं दाबून वाजवायचं तारांचं वाद्य. आपल्याकडच्या वराती त्याच्याशिवाय हलत नसत. मामांचा गिटारवाला नोकरीसाठी पुण्याला निघून गेला होता. जागा रिकामी होती. रुपालीचा हात मामांनी एकदा ऐकला होता. ते म्हणाले, "गिटार तुझी सोताची पायजे. आन् चैतात तुमच्या गावच्या यात्रेला माझी पार्टी येणार हाय, तवा माझ्यासंगं वाजवून दाखव. जमलं तर हंगामभर माझ्या गाडीवर."

कुशाबाईंनी त्यावर आपली अट चढवली. "यात्रेत जमलं तर वाजीव बाई. न्हाई जमलं, तर दुसऱ्या दिवशीपासनं कंपनीत पॅकिंगला. मग मला तोंड वाकडं करून दाखवायचं न्हाई."

रुपाली म्हणाली, "कबूल." तिचा जीव त्या एका यात्रेला टांगला गेला आणि मी तिच्या जिवाला.

माझं अंग तयार झालं. मान पुण्यातल्या एका मोडक्या गिटारीची मिळाली. मानेवर आडव्या बसवलेल्या धातूच्या पट्ट्या असतात, त्यांना पडदे म्हणतात. ते शाबूत होते. तारांचं थरथरणं पकडणारं कॉइल गुंडाळलं माऊलीनं. हा पप्पूचा मित्र. शिरूरात त्याचं विहिरीवरच्या मोटारींचं रिवाइंडिंग करायचं दुकान होतं. जळालेल्या मोटारींच्या रांगेत बसून त्यानं केसासारखी बारीक तार गुंडाळली आणि मोटारीचे मालक बाहेर "माझं पाणी थांबलंय" म्हणून ओरडत राहिले. माऊलीच्या पानावर दोन्हीकडे भरपूर नोंदी आहेत. मित्रासाठी काम सोडील ही जमा, आणि ज्याचं काम सोडलं त्याला "झालंच की, आत्ता येतो" असं सांगत राहील, हे नावे.

आता राहिला ब्रिज. मित्रांनो, गिटारच्या पोटावर तारांना आधार देणारा जो तुकडा असतो, तो ब्रिज. सतारीला घोडी असते, तसाच. तारेचा सूर तिथून अंगात उतरतो. तो चांगला असेल तर फळी गाते, नाहीतर फळी ती फळीच. म्हणून माझ्यासाठी ब्रिज शोधायला सगळं घर लागलं आणि मला मुलीला येतात तशी स्थळं येऊ लागली.

पहिलं स्थळ माऊलीनं आणलं. पुण्याच्या जुन्या बाजारातून मिळवलेला, चकचकीत, पोटात स्प्रिंगा आणि बाजूला दांडी असलेला ब्रिज. दांडी दाबली की सूर खाली झुकतो, सोडली की वर येतो. माऊलीनं तो रुमालातून असा काढला की जणू अंगठीच दाखवतोय.

"पप्प्या, ही दांडी हालवली का पब्लिक येडं व्हतंय!"

पप्पूनं तो उलटा करून पाहिला. "स्प्रिंगा हायेत ह्यात."

"मग? स्प्रिंगांवरच तर हालतंय."

"जे हालतंय ते झिजतंय," पप्पू म्हणाला. फिटरचा धर्म एका वाक्यात.

खरा निकाल रुपालीनं दिला. तिनं शिक्रापूरच्या एका लग्नात असाच ब्रिज पाहिला होता. ऐन वरातीत एक तार तुटली, स्प्रिंगांचा तोल गेला आणि उरलेल्या पाचही तारा बेसूर झाल्या. "चालत्या टेम्पोवर मी सूर लावत बसू का नवरा पुढं निघून जाऊ देऊ?" तिनं विचारलं. माऊली रुमालाची घडी घालू लागला. मला आतून हायसं वाटलं. त्या देखण्याला बसवायचं तर माझ्या पोटाला आरपार खिडकी पाडावी लागणार होती.

दुसरं स्थळ घरातलंच. रखमाजींनी आढ्याला खोचून ठेवलेलं एडक्याचं शिंग काढलं. त्यांच्या कळपातला हा म्होरक्या एडका. तो गेला तेव्हा त्यांनी शिंग ठेवून घेतलं होतं.

"वाद्याला शिंग, न्हाई तर हाड. जुनी माणसं येडी न्हवती," ते म्हणाले. मग शिंग हातात धरून थोडं थांबले. "आन् ह्यो लई गुणाचा व्हता."

त्यावर नाही म्हणायची कुणाची छाती नव्हती. पप्पूनं शिंग कापायला घेतलं. मित्रांनो, शिंग कापताना जळक्या केसांसारखा जो वास सुटतो तो मी कागदावर उतरवू शकत नाही, हे तुमचं नशीब. कुशाबाई पदर नाकाला लावून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "जित्ता व्हता तवा वास घेतला, मेल्यावर बी सुटका न्हाई." पण शिंगाचा सूर! इतका मऊ आणि गोड की खरं सांगते, माझा जीव त्याच्यावर बसला होता. मात्र आठवड्याभरात तारांनी त्यात चऱ्या पाडल्या आणि प्रत्येक सुरामागे माशी शिरल्यासारखी झिणझिण येऊ लागली. शिंग उतरवावं लागलं. रखमाजी नुसते बिडी शोधत राहिले. पप्पूनं त्याच शिंगाची एक चपटी नखी घासून केली आणि रुपालीला तारा छेडायला दिली. ते पाहिलं तेव्हा म्हातारा सुपारी कातरायला बसला. पप्पूच्या पानावर जमेची एक ओळ वाढली.

तिसरं स्थळ पप्पूनं स्वतः घडवलं. कारखान्यातल्या साहेबांना विचारून आणलेला पितळेचा तुकडा. जेवणाच्या सुट्टीत कानशीनं आणि पॉलिश पेपरनं घासून त्यानं तो असा केला की त्यात तोंड पाहावं. वर सहा तारांसाठी सहा बारीक खाचा, दोन टोकांना दोन बोल्ट. न हलणारा, न झिजणारा, जड आणि प्रामाणिक. बसवला तेव्हा माझ्या अंगातून असा आवाज निघाला की गोठ्यातल्या गाईनं रवंथ थांबवला. स्थळ पसंत पडलं.

आणि इथंच पप्पूची चूक झाली. ती फक्त पप्पूच करू जाणे.

फिटर माणसाजवळ गुण्या असतो. काटकोन तपासायचं हे लोखंडी हत्यार. पप्पूचा गुण्या त्याच्या वरच्या खिशात, इतर माणसांचं पेन असतं तिथं असे. खाट गुण्यात, चुलीचा ओटा गुण्यात, देवाच्या फोटोचा खिळासुद्धा गुण्यात. माझा ब्रिज बसवताना त्यानं मानेच्या टोकापासून बाराव्या पडद्यापर्यंतचं अंतर मोजलं, तेवढंच पुढे मोजून खूण केली आणि मधल्या रेषेशी काटकोन धरून ब्रिज पक्का केला. मग गुण्या लावून मला उजेडाकडे धरून पाहिलं. फटीतून उजेडाचा केससुद्धा दिसेना. कामावरच्या चार मित्रांना घरी बोलावून त्यानं तो काटकोन दाखवला. त्यांनी चहा पिता पिता माना डोलावल्या. एवढा खूश मी त्याला नंतर त्याच्या लग्नातच पाहिला.

रुपाली मात्र दोन दिवसांत गप्प गप्प झाली. मानेच्या खालच्या पडद्यांवर मी गोड बोलत होते. वरच्या, म्हणजे अंगाजवळच्या पडद्यांवर बोट गेलं की सूर हवा त्याहून जास्त चढत होता. बारीक तारेवर थोडा, जाड तारेवर चांगलाच. ती भावाला म्हणाली, "दादा, वर गेलं की बेसूर लागतंय."

"तारा नव्या हायेत. बसतील."

तारा बसल्या. सूर बसेना.

"माऊलीच्या कॉइलनं व्हत आसंल."

माऊली मोटारी टाकून धावत आला, कॉइल तपासून, शपथा घेऊन गेला.

"मग तूच बोट जोरात दाबत आसशील."

बहिणीच्या बोटावर आलेला आळ मला पहिल्यांदा टोचला. पप्पूच्या पानावर त्या दिवशी नावेची बाजू जड झाली.

यात्रेला थोडेच दिवस राहिले तेव्हा रुपाली मला गोणपाटात गुंडाळून न्हावऱ्यावरून जाणाऱ्या एसटीनं दौंडला घेऊन गेली. भिमाजी मामांनी बेंजो काढला. खाली आमचं दोघांचं छान जमलं. वर गेलो आणि दोन मांजरं एका टोपलीत कोंबल्यासारखं झालं. मामांनी हात थांबवला. माणूस मायेचा, पण सुराच्या बाबतीत भीडमुर्वत नाही.

"पोरी, हात चांगला हाय तुझा. पर वर गेलीस का माझ्या बेंजोशी भांडती तुझी गिटार. यात्रेत भांडली तर मी तुला घेऊ शकायचा न्हाई. मग मनाला लावून घेऊ नको."

रुपालीनं मान खाली घातली. वर केली तेव्हा तिला भिंतीवर टांगलेली मामांची जुनी पोकळ गिटार दिसली. तिच्या ब्रिजवरचं हाड सरळ नव्हतं. ते तिरकं बसवलेलं होतं. बारीक तारेकडचं टोक पुढे, जाड तारेकडचं मागे सरकलेलं. रुपालीनं विचारून ती खाली काढली, वर, अगदी वरच्या पडद्यांवर वाजवली. सूर जागच्या जागी. ती एसटीत माझ्या शेजारी बसली आणि घरापर्यंत माझ्या ब्रिजकडं पाहत राहिली.

घरी येऊन तिनं सांगितलं. पप्पू हसला. "तिरकं? खाली पडली आसंल ती कवातरी."

"पडली न्हाई दादा. बनवलीच तशी. आपला बी तिरका करायला पायजे."

पप्पूनं खिशातून गुण्या काढला, ब्रिजला लावला आणि मला दाराच्या उजेडाकडे धरलं. "बघ. उजेड दिसतोय का कुठं? सांग, दिसतोय का?"

"उजेड दिसत न्हाई," रुपाली म्हणाली, "पर ऐकू येतंय."

पप्पू चिडला. "मी रोज मायक्रॉनमधी काम करतो आन् तू मला वाकडं बसवाय सांगतीस? उद्या चार माणसं बघतील, म्हणतील ह्येला सरळ बोल्ट मारता येईना."

"चार माणसं बघतील दादा. मामा ऐकतील. आन् पॅकिंगला मी जाईन, तुझी चार माणसं न्हाई."

तीन-चार दिवस घरात अबोला. एका ताटात जेवणारी भावंडं तोंड फिरवून बसू लागली. कुशाबाई भाकरी थापता थापता भिंतीला सांगत, "दोन बोटांचा पितळेचा तुकडा, पर घराच्या मधोमध भिंत घातली त्यानं." मी खुंटीवर लटकून दोघांची पानं पाहत होते. बहिणीसाठी आगगाडीचं बाकडं खांद्यावर वाहून आणणारा हाच माणूस. आणि एक काटकोन सोडायला तयार नव्हता. मित्रांनो, मला त्याचा राग आला, पण नवल वाटलं नाही. ज्याच्यावर आपलं नाव चालतं, ती गोष्ट सोडणं फार अवघड असतं.

यात्रेच्या आधीचा गुरुवार आला. कारखान्याला सुट्टी. पप्पू अंगणात सायकलचं चाक काढून बसला होता. रुपाली मला घेऊन त्याच्या पुढ्यात बसली.

"दादा, माझ्या कानावर जाऊ नको. तुमच्यात कंपनीत माल तपासतात, तसं तपास."

"कसं?"

तिनं तार बाराव्या पडद्यावर नुसती बोटानं शिवली आणि छेडली. घंटेसारखा बारीक, स्वच्छ सूर आला. "ह्यो खरा सूर. आता त्याच पडद्यावर तार दाबून वाजवते. दोन्ही सारखं यायला पायजेत. आले तर ब्रिज बरोबर आन् मी गप."

बारीक तारेवर दोन्ही सूर जवळजवळ सारखे आले. पप्पूनं भुवई उडवली. एकेक तार जाड होत गेली तसा दाबलेला सूर वर सरकत गेला. शेवटच्या जाड तारेवर तर मागं कोंबडीसुद्धा दचकली.

"परत," पप्पू म्हणाला.

तिनं परत वाजवलं.

"तू दाब देतीस. थांब, मी दाबतो." त्यानं स्वतःचं काळं, चिरलेलं बोट ठेवलं. तोच निकाल. मग त्यानं बोटाच्या जागी लाकडाची काडी दाबून पाहिली, कारण काडीला बहीण नसते आणि भाऊही नसतो. काडीनंही तेच सांगितलं.

पप्पूनं सायकलचं चाक बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "रिजेक्ट."

रुपालीचा चेहरा उतरला. "गिटार?"

"न्हाई. फिटिंग. माझं." त्यानं ब्रिजवरून अंगठा फिरवला. "जाड तार दाबली का तिला ताण जादा बसतोय. तिला लांबी जादा द्याय पायजे."

खाटेवरून रखमाजी म्हणाले, "एडका दांडगा आसला का त्येचं दावं बी लांब ठिवावं लागतं."

"तुम्ही गप ऱ्हावा," कुशाबाई आतून ओरडल्या, "शिंगाचा वास अजून घरातनं गेला न्हाई."

त्या दुपारी मी पप्पूला पहिल्यांदा गुण्याशिवाय काम करताना पाहिलं. जाड तारेकडचा बोल्ट काढून त्यानं ब्रिजचं ते टोक मोकळं केलं. रुपाली दोन्ही सूर वाजवी. तो पान्याच्या मुठीनं पितळेला हळूच टोला मारी.

"आजून," ती म्हणे. टक्.

"आजून थोडं." टक्.

"दादा, जादा झालं, माघारी घे."

"माघारी?"

"लई न्हाई. नखभर."

तो डोळे मिटून काम करत होता. बहिणीचा आवाज हेच त्याचं माप होतं. शेवटी ती "बास!" म्हणाली आणि दोघांनी एकदम श्वास सोडला. पप्पूनं तिथंच खूण केली, नवं भोक पाडलं, बोल्ट आवळला. जुनं भोक फेव्हिकॉलमध्ये कालवलेल्या भुशानं बुजवलं. ते अजून माझ्या पोटावर आहे, देवीच्या व्रणासारखं. मग सवयीनं त्याचा हात खिशाकडं गेला. गुण्या अर्धा बाहेर आला. त्यानं तो तसाच पुन्हा आत ढकलला.

यात्रेच्या संध्याकाळी देवळापुढच्या मैदानात मामांचा टेम्पो उभा राहिला. माणसं दाटली होती. पप्पूचे कामावरचे चौघं मित्रही आले होते, तेच, चहा पिऊन काटकोनाला माना डोलावणारे. रुपालीनं मला गोणपाटातून काढलं. दिव्याच्या उजेडात पितळ झळकलं आणि पहिल्यांदा नजर गेली ती त्याच्या तिरकेपणावरच.

पार्टीतला ढोलकीवाला मोठ्यानं म्हणाला, "ए मामा, ह्यो ब्रिज बघा! भिंतीवरच्या तसबिरीगत एका अंगाला कललाय. कुणी बसवला, पिऊन बसला व्हता का काय?"

लोक हसले. चौघे मित्र एकमेकांकडं पाहू लागले. मी पप्पूकडं पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते. खरं तर त्याला गप्प बसता आलं असतं. गर्दीत कोण कुणाला ओळखतंय! मित्रांनो, इतकी वर्षं माणसं पाहिली, पण अशा वेळी भलेभले पिशवी शेजारी ठेवून झोपेचं सोंग घेतात.

पप्पू दोन पावलं पुढे आला. "मी बसवलाय," तो म्हणाला. "सरळ बसवला व्हता, ती माझी चूक व्हती. आता मापात वाकडा हाय. तिला वाजवू द्या."

भिमाजी मामांनी त्याच्याकडं एकदा नीट पाहिलं. मग ढोलकीवाल्याला म्हणाले, "ताल धर. त्वांड नको चालवू." आणि बेंजोवर हात ठेवला.

सुरुवात खालून झाली. मामा चढले, आम्ही चढलो. मागं जिथं भांडण झालं होतं ती जागा आली. रुपालीचं बोट माझ्या मानेवर घामानं ओलं झालं होतं, मला ते कळत होतं. तिनं तार दाबली आणि माझा सूर बेंजोच्या सुराला असा भिडला की दोन वाद्यं वाजतायत हे वेगळं कळेना. मामांनी मान वर केली नाही. ते आणखी वर गेले. आम्ही मागोमाग. आणखी वर, माझ्या मानेच्या अगदी मुळाशी, जिथं पडद्यांत बोट मावत नाही. तिथंही सूर सरळ उभा राहिला. पोरं नाचायला लागली. रखमाजी गर्दीत उभे राहून वेगळीच ओवी गात होते, पण ती ढोलकीच्या दणक्यात कुणाला ऐकू आली नाही.

वाजवणं संपल्यावर मामांनी बेंजो खाली ठेवला. त्यांनी टेम्पोच्या ड्रायव्हरला हाक मारली. "मागं जनरेटरच्या बाजूची जागा मोकळी कर रं. उद्या टाकळीचं लग्न हाय. पोरीला नीट उभं राहता आलं पायजे." मग रुपालीकडं वळून, "आठला तयार ऱ्हा. आन् तुझ्या भावाला म्हण, आमचा बी बेंजो एकदा बघ."

कुशाबाईंनी पदरानं डोळे पुसले आणि लगेच म्हणाल्या, "धूळ किती उडवतात मेली!"

पुढची सात-आठ वर्षं माझी भराची. शिरूर, दौंड, कोरेगाव भीमा, हायवेच्या ट्रकांच्या गर्दीत अडकलेल्या कितीतरी वराती. रुपालीचं लग्न दौंडला, रेल्वेतल्या एका चांगल्या माणसाशी झालं आणि आपल्याच वरातीत तिनं मला हातात घेऊन एक गाणं वाजवलं. सासू रागावेल म्हणून सगळे घाबरले होते. सासूनं फर्माईश केली. मग मोठाल्या स्पीकरच्या भिंती आल्या, एका माणसाची डीजे पार्टी आली. भिमाजी मामांनी बेंजो कापडात गुंडाळला. एकदा तार बदलायला म्हणून मी पप्पूच्या घरी आले ती तिथंच राहिले. कपाटावर, मग कपाटामागे, मग गव्हाच्या पोत्यांच्या आडोशाला. माझ्या पितळेवर हिरवट डाग चढले. कुणाचा दोष धरत नाही. घरात मूल आलं, म्हातारी माणसं आजारी पडली, गिटारीनं आपला नंबर मागं घ्यावा हे मला कळतं. तरी पोत्यामागं अंधार असतो, एवढं खरं.

मागच्या दिवाळीत पप्पूच्या पोरीनं, प्रगतीनं, मला ओढून काढलं. ती चौथीत आहे. तिच्याबरोबर तिचा आतेभाऊ, म्हणजे रुपालीचा मुलगा होता, हुशार आणि उद्योगी. त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाला, "ए, हा ब्रिज वाकडा झालाय. थांब, सरळ करतो." तो स्क्रू ड्रायव्हरही घेऊन आला.

मित्रांनो, त्याचा हेतू चांगला होता म्हणूनच मी इतकी घाबरले. वाईट हेतूच्या माणसाला निदान कुणीतरी अडवतं. म्हणून माझी एवढी विनवणी ऐका. मला कोरड्या फडक्यानं पुसा, ओल्या नाही. वाजवून झालं की घाम टिपून घ्या. पोत्यांमागं ठेवू नका. ठेवावंच लागलं तर आधी तारा सैल करा, म्हणजे माझ्या मानेवर ताण राहत नाही. आणि घरातली एखादी जुनी वस्तू वाकडी दिसली तर पाना आणण्याआधी ती वापरून बघा, आणि ज्यानं ती बसवली त्याला विचारा. तो माणूस बहुतेक अंगणातच असतो. फक्त हाक जरा मोठ्यानं मारा. इतकी वर्षं मशीनच्या आवाजात काढल्यामुळं माझ्या पप्पूला आता कमी ऐकू येतं.

प्रगतीनं तशीच मोठ्यानं हाक मारली. पप्पू आला, पोराच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर त्यानं हळूच काढून घेतला आणि रुपालीला दौंडला फोन लावून, ती ऐकून सांगेल तसे माझे सूर लावून घेतले. मग प्रगतीला म्हणाला, "आता वाजीव. पार वर जा." तिनं जाड तार दाबून छेडली. पप्पूनं ऐकायचा प्रयत्न केला नाही. त्यानं आपला अंगठा माझ्या पितळी ब्रिजवर ठेवला, तारेची थरथर थांबेपर्यंत तसाच ठेवला, आणि म्हणाला, "बरोबर हाय."